दोन घड्याळांचे भाऊआजोबा

तुमचे भाऊआजोबा दोन घड्याळं घालतात. डाव्या मनगटावर एक आणि उजव्या मनगटावर एक. डावं आपल्या गावचं, उजवं फ्रान्सचं. बँकेतल्या मुलीनं एकदा विचारलं, "काका, एक बंद पडलंय का?" तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "दोन्ही टायमावर आहेत. डेपो वेगळे आहेत."

ईरा, तुझा मागच्या आठवड्यातला निरोप मी दोनदा वाचला. "आजी, भाऊआजोबांना सांग ना. दर रविवारी फोन करतात, 'जेवलीस का' एवढंच विचारतात, मी 'हो' म्हणते आणि ते फोन ठेवतात. हा काय फोन झाला?" तक्रार रास्त आहे. हॅलो नाही, अभ्यास कसा चाललाय नाही, थंडी किती आहे नाही. याचं उत्तर मला एका ओळीत देता आलं असतं, पण ते अर्धंच झालं असतं. म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या भावाला, अर्णवला, मराठी वाचायचा कंटाळा आहे, त्याला तू वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

भाऊ म्हणजे माझे धाकटे दीर. छावणीजवळच्या आपल्या घरात खाली मी राहते, वर ते. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यांनी जवळजवळ तेवढीच वर्षं बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे काचेच्या खोलीत बसायचं, गाड्या सोडायच्या आणि लाउडस्पीकरवरून पुकारायचं. नोकरी संपली, पुकारणं संपलं नाही. अजूनही भाजी झाली की जिन्यावरून आवाज येतो, "वहिनी, फुलंब्री, सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडं जाणारी वांग्याची भाजी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." मी भांडं घेऊन वर जाते. उशीर केला तर भाजी सुटते, म्हणजे ते झाकण लावून ठेवतात आणि मला पिठलं करून घ्यावं लागतं.

वेळेच्या बाबतीत त्यांच्यापुढं देवाचंही चालायचं नाही. "वेळ म्हणजे वेळ," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा मी सिल्लोडला लग्नाला निघाले होते. रिक्षा वाटेत अडकली. मी फलाटावर पोचले तेव्हा गाडी नुकती हलत होती. मी धावले, हात केला, एका हातात आहेराची पिशवी. काचेमागून भाऊंनी मला पाहिलं. नीट पाहिलं. दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि गाडी सोडली.

संध्याकाळी मी बोलायचीच नाही असं ठरवून बसले होते. तेच खाली आले. म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी थांबवली असती तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? त्यांच्या पण वहिन्या कुठं तरी ताटकळत असतील की." तुमचे आजोबा हसून हसून खोकले. मी हसले नाही. मला तेव्हा ते पटलंही होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

आता सुहासचं. सुहासकाकाचा फोटो तुम्ही पाहिला आहे, वरच्या खोलीतला, सायकल धरून उभा असलेला. तो भाऊंचा एकुलता एक मुलगा. तो आठवीत असताना त्याची आई गेली. मी म्हटलं, दोघांनी खालीच जेवायला यावं. भाऊ म्हणाले, "नाय वहिनी. त्याचं जेवण माझ्या हातचं." त्यांना तोवर चहासुद्धा येत नव्हता. पहिला महिनाभर त्या पोरानं काय काय गिळलं ते त्यालाच ठाऊक. पण भाऊ शिकले. पोळ्या शिकले, आमटी शिकले, आणि येसर तर असं करायला लागले की गल्लीतल्या बायका वाटी घेऊन यायच्या. येसर म्हणजे आपल्याकडं धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवतात, ते पीठ. आमटीला लावतात. सुहास ते कशावरही भुरभुरून खायचा. पेरूवर सुद्धा.

सुहास फ्रान्सला ग्रनोब्लला संशोधनासाठी गेला तेव्हा भाऊंनी दुसरं घड्याळ घेतलं. तिथं विद्यापीठाजवळ एक छोटंसं खानावळवजा हॉटेल होतं. सहाच टेबलं. नवरा स्वयंपाक करायचा, बायको वाढायची. सुहास दुपारी तिथं जेवायचा. मांस खाणार नाही म्हटल्यावर त्या आचाऱ्यानं आधी हात वर केले होते, मग दूध, साय आणि बटाट्याच्या चकत्यांचे थर लावून भट्टीत भाजलेला एक प्रकार त्याच्यापुढं आदळला. सुहासनं खिशातून येसराची पुडी काढून त्यावर भुरभुरली. त्यावरून पहिलं भांडण. चार दिवसांनी आचाऱ्यानं स्वतःच चिमूटभर मागितलं. हे सगळं सुहास फोनवर सांगायचा आणि भाऊ जिन्यावरून मला पुकारून सांगायचे.

फोन रोज पावणेसातला. हिवाळ्यात आपल्याकडचे संध्याकाळचे पावणेसात म्हणजे तिकडचे दुपारचे सव्वादोन. सुहासचं जेवण आटोपण्याची वेळ. मी कितीदा तरी ऐकलंय ते बोलणं.

"जेवलास का?"

"जेवलो, बाबा."

"काय?"

"बटाटे."

"काल पण बटाटेच होते."

"काल चकत्या होत्या. आज कुस्करलेत."

"लई प्रगती आहे तुमच्या फ्रान्सची."

एकदा सुहासनं तक्रार केली. त्या हॉटेलच्या दारावर पाटी होती, दोन वाजता स्वयंपाकघर बंद. दोनवर पाच मिनिटं झाली होती तर आचाऱ्यानं त्याला काचेतूनच भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि आत घेतलं नाही. भाऊ खूश. "बरोबर केलं त्यानं! दोन म्हणजे दोन. तू वेळेवर जायचं. हा आपला माणूस आहे, सुहास, माझा नमस्कार सांग त्याला." मग पुढं कधी गप्पांत आचाऱ्याचा विषय निघाला की भाऊ त्याला 'आमचे फ्रान्सचे नियंत्रक' म्हणायचे.

तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, एका मंगळवारी, सुहासला सायकलवरून जाताना ट्रकनं उडवलं. दुपारी अडीचच्या सुमाराला. जागच्या जागी. त्या दिवशीचा पावणेसातचा फोन झाला होता. "जेवलास का?" "जेवलो, बाबा." त्यानं काय जेवलो ते सांगितलं नाही. घाईत होता.

पेटी यायला नऊ दिवस लागले. ती उघडायची नाही असं कागदावर लिहिलं होतं.

दहाव्याचा विधी हर्सूलच्या तलावाकाठी केला. पिंडाला कावळा शिवेना. तास गेला. तुझ्या बाबांनी, ईरा, मोठ्यानं काय काय कबूल केलं. भाऊंकडं आम्ही लक्ष देऊ, त्याचं संशोधन छापून आणू. काही नाही. माझं स्वतःचं मत असं, की त्या सकाळी तिथं कावळेच कमी होते, आणि जे होते ते पलीकडच्या झाडाखालच्या दुसऱ्या विधीवर खूश होते. मी तसं म्हटलंही. पण भाऊ एकटक पिंडाकडं बघत होते. शेवटी एक कावळा आला. घरी येताना गाडीत भाऊ म्हणाले, "वहिनी, पोरगं उपाशी गेलं."

"भाऊजी, तो जेवला होता. तुम्हालाच तर म्हणाला."

"म्हणाला. पण काय जेवला ते नाय सांगितलं."

तिथून सुरू झालं ते. फ्रान्सहून आलेले शवविच्छेदनाचे कागद त्यांनी माझ्यापुढं ठेवले. इंग्रजी भाषांतर सोबत होतं. चार पानं मी त्यांना अक्षर अन् अक्षर वाचून दाखवली. त्यांना एकच ओळ हवी होती, पोटात अन्न होतं की नव्हतं. ती ओळ त्यात नव्हती. मला ते वाचताना काय झालं ते मी लिहीत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून परत पाकिटात ठेवले आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का, वहिनी?"

त्या दिवसापासून ते प्रत्येकाला हेच विचारतात. दूधवाल्याला, डॉक्टरला, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाला. एकदा कर्ज देऊ करणाऱ्या बाईचा फोन आला होता. तिनं सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, जेवलात का?" तिचं पाठांतर अडलं. मग म्हणाली, "नाही काका, अजून सुट्टी नाही झाली." भाऊ म्हणाले, "आधी जेवा. मग कर्जाचं बघू." लोक हसतात. मीही हसायची.

दोन वर्षांनी मी तुमच्याकडं टोरंटोला यायला निघाले तेव्हा भाऊ म्हणाले, मी पण येतो. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं की विमान बदलायचं म्हणून आम्ही वाटेत तीन दिवस पॅरिसला विश्रांती घेतली. ते खोटं होतं. आम्ही आगगाडीनं ग्रनोब्लला गेलो होतो. भाऊंना त्या हॉटेलात एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायला मी हवी होते.

मी प्रश्न इंग्रजीत वहीत लिहून नेला होता. जेवण झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर, शांतपणे विचारायचं असं ठरलं होतं. आम्ही बरोबर एक वाजता आत शिरलो. सहा टेबलं होती. स्वयंपाकघराला काच होती आणि काचेमागं एक जाडजूड, लाल चेहऱ्याचा माणूस घाम पुसत उभा होता. भाऊंनी त्याला बघितलं आणि हळूच म्हणाले, "सेम आमची केबिन."

वाढणारी बाई साठीची, बारीक, तुरुतुरु चालणारी. तिचं नाव कोलेत, नवऱ्याचं जेरार. तिला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, त्याला अजिबात नाही. एका भिंतीवर लहान लहान खणांचं कपाट होतं आणि प्रत्येक खणात गुंडाळलेला एक कापडी रुमाल. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे. ज्याचा त्याचा खण ठरलेला. माणूस आला की त्याचा रुमाल काढून त्याच्यापुढं ठेवायचा. माझ्यासारख्या बाईला ही व्यवस्था पाहूनच बरं वाटलं.

मी मांस नको म्हणून सांगितलं. बटाट्याच्या चकत्या आल्या, वर सायीचा तांबूस पापुद्रा. भाऊंनी थोडा वेळ नुसतं ताटाकडं बघितलं. मग खिशातून येसराची पुडी काढली, सोडली आणि भुरभुरली.

कोलेत शेजारच्या टेबलावरच्या बश्या उचलत होती. तिनं ते पाहिलं. बश्या तिनं परत खाली ठेवल्या. ती कपाटाकडं गेली, खालच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या खणातून एक रुमाल काढला आणि आणून भाऊंच्या हाताशी ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला. त्यावर हळदीचा एक डाग होता, न निघालेला. माझा वहीतला प्रश्न तिथंच राहिला. तिला कळलं होतं आम्ही कोण ते. ती एवढंच म्हणाली, "जाऊ नका. सगळे गेले की बोलू."

आम्ही थांबलो. भाऊंनी रुमालाला हात लावला नाही. ते दाराकडं बघत बसले. दोन वाजले. दोनवर दहा मिनिटं झाली तेव्हा दोन विद्यार्थी दार ढकलून आत आले, धापा टाकत. जेरारनं काचेतून मान हलवली, या म्हणून. कोलेतनं त्यांना बसवलं. भाऊंच्या कपाळाला आठी पडली.

"वहिनी, पाटीवर दोनच लिहिलंय ना?"

"हो."

"मग हे आत कसे? सुहास म्हणायचा कडक माणूस आहे. हा कसला कडक? हा तर हात दाखवा, गाडी थांबवा आहे."

ती मुलं जेवून गेली. दार लागलं. कोलेतनं नवऱ्याला बाहेर बोलावलं. तो आला आणि आमच्या टेबलाशी उभा राहिला, ॲप्रन दोन्ही मुठींत धरून. बसेना. मी वही उघडून प्रश्न विचारला. 'मृत्यूच्या दिवशी सुहास इथे जेवला होता का?' शुद्ध, व्याकरणशुद्ध इंग्रजी. कोलेतनं तो फ्रेंचमध्ये केला आणि जेरार बोलायला लागला. तो वाक्य बोलायचा, ती इंग्रजी करायची. मराठी मी सगळं ऐकून झाल्यावर करणार होते.

त्या दिवशी सुहास उशिरा आला. दोन वाजून दहा मिनिटांनी. जेरारनं त्याला काचेतून घड्याळ दाखवलं. सुहासनं हात जोडले, तो नेहमीच गमतीनं जोडायचा. जेरारनं नाही म्हटलं. आत बटाटे होते. गरम होते. पण दोन म्हणजे दोन. सुहास दाराबाहेरच उभा राहिला, सायकलचं कुलूप काढत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

इथं जेरार थांबला. मग त्यानं एक शब्द उच्चारला. फ्रेंच नव्हता तो. जाड जिभेनं, पण स्पष्ट म्हणाला, "जेवलो."

कोलेत मला म्हणाली, "तो रोज या टेबलावर बसून फोनवर हा शब्द बोलायचा. म्हणून यांना पाठ झाला. त्या दिवशी बाहेर उभा राहूनसुद्धा तोच बोलला, आणि आमच्याकडं बघून हसला. मग गेला. हे विचारतात, त्याचा अर्थ काय?"

बाळांनो, मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की भाषांतरात पदरचं घालायचं नाही आणि मूळचं सोडायचं नाही. त्या दिवशी मला दोन्ही करावंसं वाटलं. जेरारचं बोलणं मी भाऊंना अजून सांगितलं नव्हतं. 'बायकोनं त्याला ब्रेड बांधून दिला होता' एवढं एक वाक्य पुरलं असतं. फ्रेंच त्यांना येत नव्हतं, इंग्रजीही जेमतेम. पण भाऊंनी तो शब्द ऐकला होता. ते माझ्याकडं बघत होते. मी सगळं सांगितलं. मग कोलेतकडं वळून त्या शब्दाचा अर्थ सांगितला, 'माझं खाणं झालं आहे'. तिनं तो नवऱ्याला सांगितला. त्या थोराड माणसानं खुर्चीच्या पाठीला धरलं.

भाऊंनी काचेमागच्या रिकाम्या स्वयंपाकघराकडं बघितलं. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "खोटं का बोलला सांगू का, वहिनी? उशीर झाला म्हणून उपाशी आहे म्हणाला असता, तर मी काय म्हणालो असतो? बरोबर केलं त्यानं, असंच म्हणालो असतो. त्याला ठाऊक होतं."

"भाऊजी—"

"मी पण सोडायचो की गाड्या. पळत येणारी माणसं दिसायची काचेतून. चांगली दिसायची. कुणाचं काय राहिलं, कुणाचं काय चुकलं, मला कोण सांगणार?"

जेरार अजून उभाच होता. भाऊंनी त्याच्याकडं नीट वर बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ह्यांना विचारा, ह्यांचं जेवण झालं का?"

मी विचारलं. कोलेत म्हणाली, आम्ही सगळे गेल्यावर जेवतो, पण त्या दिवसापासून हे दुपारचं काही खात नाहीत.

भाऊ उठले. शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यावर हात आपटून दाखवला. जेरार बसला. कोलेतनं बटाट्यांची बशी आणली. भाऊंनी उरलेलं सगळं येसर तिच्यावर पालथं केलं. तो खायला लागला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो न पुसता खात होता. भाऊ समोर बसून एकेक घास बघत होते, आठवीतल्या पोराला जेवू घालावं तसे. मधेच एकदा म्हणाले, "सावकाश." बशी रिकामी झाली तेव्हा त्यांनी उजव्या हातावरचं घड्याळ बघितलं. "तीन दहा," म्हणाले. दुसरं काही नाही.

निघताना कोलेत तो रुमाल कागदात बांधून द्यायला लागली. भाऊंनी मान हलवली. तिच्या हातातून रुमाल घेतला, पुन्हा गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या त्याच खणात ठेवून दिला. "त्याची सीट आहे ती," म्हणाले. हे मी कोलेतला इंग्रजीत सांगू शकले नाही.

परत आल्यावर माझी समजूत होती की आता तो प्रश्न थांबेल. उत्तर मिळालं होतं, वाईट का असेना. थांबला नाही. उलट आता त्यांना 'हो' नुसतं पुरत नाही, हे तुला फोनवरून कळत नसेल. तू 'हो' म्हणून फोन ठेवलास की ते जिन्यात येऊन मला विचारतात, "वहिनी, पोरगी खरं बोलली असेल का?" मी म्हणते, असेल की. तुझ्या आईकडून मला कळलंय, की हॉस्टेलवर बहुतेक रविवारी त्या वेळेपर्यंत तू काही खाल्लेलं नसतं. ते मी त्यांना सांगितलेलं नाही. म्हणजे आता मीही खोटं बोलते.

तेव्हा येत्या रविवारी जेवली नसशील तर 'नाही' म्हण. उशीर झाला, कंटाळा आला, झोपले होते, जे असेल ते सांग. ते रागावणार नाहीत. वेळेवरून ते आता कुणालाच बोलत नाहीत. ते फक्त म्हणतील, "जा, खाऊन ये. मी हाय इथं." आणि फोन ठेवणार नाहीत. तू काहीतरी खाऊन परत येईपर्यंत कानाला लावून, जिन्यात बसून राहतील.